पिंगुळीची चित्रकथी आणि आमचा फळा

ओरोसहून दक्षिणेकडे निघून कुडाळ ओलांडलें कीं पिंगुळी हें गांव लागतें. राऊळ महाराजांच्या मठामुळें तें पुष्कळांस ठाऊक आहे. आज मी बोलणार आहें तें मात्र तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथीविषयीं. मुलांस शिकवितांना चित्र व ध्वनि यांची जोड द्यावी, हा विचार नवा व परदेशांतून आलेला असल्याप्रमाणें आम्हां शिक्षकांस प्रशिक्षणवर्गांत ऐकविला जाई. तीच रीत आमच्या दाराशीं नांदत होती, पण आम्हीं तिकडे मान वळवून पाहिलें नाहीं.

चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांतहि सांपडतो. पिंगुळीच्या कलावंतांस सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. रात्रीं देवळांत, दिव्याच्या उजेडांत, ते रामायण-महाभारतांतील आख्यानें लावीत. एका आख्यानाच्या चित्रसंचास ते पोथी म्हणतात. कागदावर रंगविलेलीं दोन दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात. पान उलटलें कीं पुढचा प्रसंग उभा राहतो. मुख्य कथेकरी वीणा छेडीत गातो, साथीस टाळ व हुडुक असतात. चित्रांतील चेहरे बहुधा एका बाजूनें काढलेले, डोळे ठसठशीत. मागें बसलेल्या पोरासहि राम कोण व रावण कोण हें कळावें, एवढ्यासाठींच ते तसे असावेत, असें मला आपलें वाटतें.

खरी गंमत पुढेंच आहे. चित्र जागचें हलत नाहीं. त्याला चालवितो तो स्वर. युद्ध आलें कीं हुडुक घाई करतो, शोक आला कीं वीणाच तेवढी उरते. शिवाय डोळ्यांपुढें एका वेळीं एकच चित्र. पुढचें पाहण्याची उत्कंठा शिल्लक ठेवणें हें अध्यापनाचें अर्धें काम, आणि तें या मंडळींना कोणत्याहि पदवीवांचून साधलें होतें.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं 1892 सालीं 'शांबरिक खरोलिका' सुरू केली, तेव्हां कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या योगें पडद्यावर मोठीं होऊन दिसूं लागलीं. त्यांनाहि निवेदनाची व संगीताची जोड होती. यंत्र विलायती, पण रीत ओळखीची. पुढें शाळांसाठीं पुण्यास 1984 सालीं बालचित्रवाणी ही संस्था निघाली. ती 2017 सालीं बंद पडली.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या शाळेंतहि प्रोजेक्टर आला. खिडक्या लावल्या, अंधार केला, आणि मी कोपऱ्यांत गप्प उभा राहिलों. चित्रें भराभर सरकत होतीं, ध्वनिमुद्रित आवाज बोलत होता, मुलें जांभया देत होतीं. चौथ्या दिवशीं मीं तो आवाज बंद केला, एका चित्रावर यंत्र थांबविलें व स्वतः सांगूं लागलों. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, पुढें काय झालें?"

त्या प्रश्नानें मला खूप मागचा एक दिवस आठवला. रामायणावरील धडा वाचीत असतां एक मुलगा बाकावर बोटांनीं ताल धरूं लागला होता. मीं त्यास तासभर बाहेर उभें केलें. तो चित्रकथीच्या घरचा होता, आणि तो ताल हुडुकाचा होता, हें मला कित्येक वर्षांनीं कळलें. स्वतःच्या गोठ्यांत कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी यांचें संग्रहालय मांडणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 सालीं पद्मश्री जाहीर झाली. ती बातमी वाचतांना प्रथम डोळ्यांपुढें आला तो व्हरांड्यांत उभा असलेला तो मुलगा.