मणक्यात सिमेंट कसं पोचलं?

‘दबलेल्या मणक्यात सिमेंट भरू या,’ असं डॉक्टर म्हणाले, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे घमेलं आणि थापी उभी राहते. हे सिमेंट मात्र ॲक्रिलिकचं. विमानांच्या पारदर्शक काचा आणि दातांच्या कवळ्या याच कुळातल्या. 1950च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा पक्का बसवायला ते वापरलं आणि दंतवैद्यांकडचा हा पदार्थ हाडांच्या डॉक्टरांकडे आला.

मणक्यात तो गेला 1984 मध्ये, फ्रान्समधल्या आमियां शहरात. पण ठिसूळ हाडांसाठी नव्हे. 54 वर्षांच्या एका बाईंच्या मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता. मेंदूशल्यविशारद पिएर गालिबेर आणि क्ष-किरणतज्ज्ञ एर्व्हे देरामाँ यांनी सुईवाटे त्यात सिमेंट सोडलं. मणक्याला आधार मिळाला, मानदुखी थांबली. 1987 मध्ये हा अनुभव छापून आला. पोखरलेल्या मणक्याला जे लागू पडलं, ते ऑस्टिओपोरोसिसने पिचलेल्या मणक्यालाही पडेल, असं वाटून फ्रान्समध्येच तोही प्रयोग झाला. हीच व्हर्टिब्रोप्लास्टी.

रुग्णाला पालथं झोपवायचं, जागा बधिर करायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाठीतून मणक्यात सुई न्यायची आणि घट्टसर लगदा हळूहळू आत सोडायचा. काही मिनिटांत तो कडक होतो. धोका गळतीचा: सिमेंट मज्जारज्जूकडे सरकू शकतं किंवा शिरेतून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. कॅलिफोर्नियातले अस्थिशल्यविशारद मार्क रायली यांनी आधी मणक्यात फुगा फुगवून पोकळी करायची आणि मग ती भरायची, अशी युक्ती काढली. 1998 मध्ये अमेरिकेत त्या फुग्याला परवानगी मिळाली आणि कायफोप्लास्टी रूढ झाली.

खरी परीक्षा व्हायची राहिलीच होती. 2009 मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्रच प्रसिद्ध झाले. काही रुग्णांवर निव्वळ लुटुपुटीची प्रक्रिया केली होती. सिमेंट आत गेलं नाही, पण खोलीत त्याचा उग्र वास मुद्दाम दरवळू दिला होता. दुखणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच कमी झालं! पाव शतक बिनदिक्कत चाललेल्या उपचाराला हा मोठाच धक्का होता. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, सहा आठवड्यांच्या आतल्या, असह्य दुखणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये फायदा दिसला. 2018च्या डच चाचणीत पुन्हा फरक दिसला नाही.

त्यामुळे आज बहुतेकांना आधी वेदनाशामक, थोडी विश्रांती आणि जमेल तशी हालचाल सुचवतात. फ्रॅक्चर ताजं आहे आणि दुखणं आवरत नाही, अशा निवडक रुग्णांसाठी सुईचा विचार होतो. सिमेंट भरलं, तरी हाडांचा ठिसूळपणा तसाच राहतो. त्यावरचे उपचार वेगळे करावेच लागतात, नाहीतर दुसरा मणका दबण्याची भीती कायम राहते.