सूक्ष्म टेट्रिस
सूक्ष्म टेट्रिस : टेट्रिस या संगणकीय खेळाची सूक्ष्मदर्शकाखाली खेळलेली प्रतिकृती. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅमच्या व्रीये विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ती साकारली. पडद्यावरील चौकोनांऐवजी तीत सुमारे १ मायक्रोमीटर व्यासाचे ४२ काचगोलक होते. चार गोलक मिळून खेळातील एक आकार बनत असे. हे गोलक लेसर किरणाने धरून हलवले जात. तीव्रपणे केंद्रित केलेल्या लेसर किरणाच्या केंद्राकडे असा गोलक ओढला जाऊन तेथेच अडकतो. अशा प्रकारे सूक्ष्म कण धरणाऱ्या साधनाला प्रकाशीय चिमटा म्हणतात. किरणाची जागा अतिशय वेगाने बदलत राहिल्यास अनेक गोलक एकाच वेळी धरता येतात व संगणकाद्वारे हलवता येतात. प्रकाशीय चिमट्याचे जनक आर्थर ॲश्किन यांना २०१८ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जीवाणू, पेशी आणि डीएनए रेणू हाताळण्यासाठी हे तंत्र वापरतात.