जोडी स्वस्त, शौक महाग

आमच्या चांदूर बाजारात कबुतरांचा नाद लागलेला पोरगा पहिला प्रश्न एकच विचारतो, "जोडी कितीला?" उत्तर ऐकून तो खूश होतो, कारण साधी जोडी काहीशे रुपयांत मिळते. ईदीचे पैसे साठवले तरी भागते. पोरगा जोडी घरी आणतो आणि खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. त्याचा हिशेब त्याला कोणी सांगितलेला नसतो. उस्ताद सांगत नाही, विकणारा तर मुळीच सांगत नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वर्गातल्या कोणत्या मुलाच्या छपरावर ढाबळ आहे, हे आम्हांला साधारण ठाऊक असते. म्हणून कबुतरबाजीचा इतिहास वाचताना आमचे लक्ष पाखरांच्या रंगापेक्षा एका साध्या गोष्टीकडे जाते. या पाखरांचे दाणे कोणाच्या घरचे होते? हा प्रश्न घेऊन इतिहासाची पाने उलटली, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

हा शौक अब्बासी खिलाफतीच्या काळातही जोरात होता. नवव्या शतकातला बसऱ्याचा मोठा अरबी लेखक अल-जाहिज याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात कबुतरांवर बरेच लिहिले आहे. नामांकित कबुतर पाचशे दिनारांना विकले जाई, असे तो नोंदवतो. घोड्यांप्रमाणे कबुतरांच्याही वंशावळी लिहून ठेवल्या जात. म्हणजे चांगल्या 'नसली'चे वेड आजचे नाही.

याच खिलाफतीतला एक प्रसंग हदीसचे अभ्यासक बनावट हदीसचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात. खलीफा महदी (कारकीर्द ७७५ ते ७८५) कबुतरांचा शौकीन होता. उंट, घोडा आणि तीर यांखेरीज कोणत्याही शर्यतीत बक्षीस नाही, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. गियास बिन इब्राहिम नावाच्या माणसाने खलीफाला खूश करण्यासाठी त्यात आपल्या पदरचा एक शब्द घातला, 'किंवा पंख'. खलीफाने त्याला दहा हजार दिरहम दिले. तो उठून गेल्यावर मात्र, हा माणूस पैगंबरांच्या नावावर खोटे बोलला, असे म्हणून खलीफाने आपली कबुतरे कापायला लावली. आमच्या मते या कथेतला मोठा खर्च दहा हजार दिरहमांचा नाही. शौकापायी दरबारात सत्याला किंमत उरली नव्हती, ही खलीफाला टोचलेली गोष्ट होती.

मोगलांच्या घराण्यात तर या शौकाने एक जीवही घेतला. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा १४९४ साली फरगाण्यात अखसी येथे वारला. त्याचा कबुतरखाना खोल दरीच्या काठावर होता. तो कोसळला आणि त्याबरोबर मिर्झाही दरीत गेला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. बाप गेला तेव्हा बाबर जेमतेम अकरा वर्षांचा होता.

त्याच बाबराचा नातू अकबर. कबुतरबाजीला तो 'इश्कबाजी' म्हणत असे. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. दरबारात वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे 'खासा', म्हणजे निवडक होती. लोटन, लक्का, शिराजी ही आजही आमच्या मोहल्ल्यात ऐकू येणारी नावे तिथे भेटतात. पण अबुल फजलचे मोठेपण आम्हांला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. पाखरांचे कौतुक केल्यावर तो थांबत नाही. तो दाणे मोजतो, नोकरांचे पगारही लिहितो. शंभर कबुतरांना रोज चार शेर दाणे, पिले काढण्याच्या दिवसांत त्याहून जास्त, असा त्याचा हिशेब आहे.

आता शाळेतल्या गणितासारखे हे उदाहरण सोडवू. शंभराला चार शेर, तर वीस हजारांना आठशे शेर. चाळीस शेरांचा मण धरला, तर रोजचे वीस मण झाले. अकबरी मण आजच्या सुमारे पंचवीस किलोंचा होता. म्हणजे बादशहाच्या कबुतरांना रोज पाच क्विंटल धान्य लागत होते.

वऱ्हाडच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, आमच्या शेजारच्या एलिचपूरचे, म्हणजे अचलपूरचे, नाव आहे आणि सरकारवार महसुलाचे आकडेही आहेत. एकाच ग्रंथात एका बाजूला रयतेकडून येणारा सारा आणि दुसऱ्या बाजूला कबुतरांचे दाणे! दाणे कोणाच्या घरचे, या आमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन प्रकरणांच्या मध्ये लिहिलेले आहे.

पुढे लखनौने या शौकाला कळस चढवला. १८५६ साली इंग्रजांनी वाजिद अली शाहची गादी घेतली. नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहिला आणि १८८७ साली तिथेच वारला. राज्य गेले, पण कबुतरे गेली नाहीत. रेशमी पंखांच्या एका जोडीसाठी त्याने वीस हजारांवर रुपये मोजल्याचे अब्दुल हलीम शरर यांनी लिहिले आहे. तो पैसा इंग्रजांनी बांधून दिलेल्या पेन्शनीतला होता. दरबार बुडाले तसा हा शौक गल्लीबोळांतल्या छपरांवर उतरला. बादशहाचा नाद मजुराच्या पोराने उचलला, पण बादशहाचा खजिना त्याच्यामागे आला नाही. आमच्या समाजातली कबुतरबाजीची अडचण इथून सुरू होते.

इथे दोन खेळांतला फरक सांगणे जरूर आहे. आपल्याकडचा जुना खेळ गिरहबाजांचा. पाखरू आपल्याच छपरावरून उडते आणि किती तास आभाळात टिकते, हे पाहिले जाते. दुसरा खेळ 'होमर' कबुतरांच्या शर्यतीचा. तो एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये वाढला. पाखरे टोपलीत घालून दूर नेऊन सोडतात आणि कोणते आधी घर गाठते, ते घड्याळावर पाहतात. या पाखरांचा उपयोगही झाला. १८५० साली रॉयटर याने आखेन आणि ब्रुसेल्स यांच्यामध्ये, जिथे तारेची लाईन नव्हती, तिथे बाजारभावाच्या बातम्या कबुतरांकरवी पाठवल्या. आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी १९४६ साली कबुतरांची टपाल सेवा सुरू केली आणि ती अनेक दशके चालवली. तिथे दाण्यांचा खर्च सरकारचा होता. आता हा खेळ श्रीमंतांच्या लिलावात गेला आहे. २०२० साली 'न्यू किम' नावाची बेल्जियमची मादी सोळा लाख युरोंना, म्हणजे चौदा कोटी रुपयांच्या आसपास, विकली गेली. मोबाईलवर अशी बातमी पाहून आमची पोरे डोळे विस्फारतात. पण शर्यतीच्या पाखराची खरी मेख वेगळीच आहे. विकत घेतलेले मोठे होमर सोडले, तर ते जुन्या मालकाकडे परत जाते. म्हणून महिनाभराची पिले आणावी लागतात किंवा जोडी बंद ठेवून तिची पिले काढावी लागतात. अंडी उबायला अठरा दिवस, पिलू पंखात यायला महिना, पुढे जवळून लांब अशी सवय लावायला कित्येक महिने. पहिले वर्ष नुसते खाऊ घालण्यात जाते.

चांदूर बाजारच्या छपरावर वीस पाखरांचा हिशेब मांडून पाहू. एका पाखराला रोज पस्तीस ग्रॅम दाणे धरले, तर वीस पाखरांना सातशे ग्रॅम. वर्षाला अडीच क्विंटलांहून थोडे जास्त. ज्वारी-बाजरी तीस रुपये किलो धरली, तरी वर्षाला साडेसात हजारांवर रुपये झाले. शर्यतीच्या पाखरांना मका, वाटाणा, हरभरा लागतो, तो वेगळा. ढाबळीला लाकूड, जाळी, पत्रे लागतात. मान वाकडी करणारा रोग आला, तर आठवड्यात अर्धी ढाबळ रिकामी होते. शिकरा, मांजर आणि संक्रांतीचा नायलॉन मांजा आपला वाटा घेतात, तो वेगळाच. म्हणजे पाचशेची जोडी हा या खर्चातला सर्वांत लहान आकडा आहे.

काही आकडे रुपयांत येत नाहीत. पाखरे सकाळी उडवायची असतात आणि शाळाही सकाळीच भरते. बंद ढाबळीतली विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर फुप्फुसाचा कायमचा विकार जडू शकतो. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद झाला, तेव्हा या दुखण्याची चर्चा घरोघर पोहोचली. आमच्याकडे मात्र खोकणारे पोरगे आणि छपरावरची ढाबळ यांचा संबंध अजून फारसे कोणी लावत नाही. आणि पैज लागली, की खेळाचा जुगार होतो. मग घरातल्या आईच्या डब्यातले पैसेही उडू लागतात.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मास्तर लोकांना मुलांचा आनंद बघवत नाही. तसे नाही. पाखराला वेळेवर दाणा-पाणी देणारे, आजारी पिलू रात्री उठून पाहणारे पोर जबाबदारी शिकत असते. मुकी पाखरे पाळणे वाईट नाही. त्यांना उपाशी ठेवणे, आणि त्यांच्यापायी घरच्यांना उपाशी ठेवणे वाईट आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलाने जोडी मागितली, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी लगेच हो किंवा नाही म्हणू नये. त्याच्या हाती एक वही द्यावी आणि वर्षभराचे दाणे, जाळी, औषध, रोजचा वेळ हे सारे आधी लिहून आणायला सांगावे. नाकाला फडके बांधूनच ढाबळ झाडायची आणि पैज लावायची नाही, या दोन अटीही त्याच वहीत त्याच्याच हस्ताक्षरात असाव्यात. बेरीज झाल्यावर तो कदाचित वीसऐवजी चारच पाखरे पाळील, कदाचित नाद सोडील. निर्णय त्याचा असेल आणि डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल. अकबर बादशहाच्या घरीही कबुतरांचे दाणे मोजले जात होते. मजुराच्या घरी ते मोजायला लाज कसली?