मंतरलेली तलवार, ओतलेली तोफ

जादूच्या गोष्टींत हजार वर्षांपूर्वीची तलवारच सर्वांत धारदार असते. तिच्याहून चांगली तलवार नंतर कुणीच का घडवत नाही? कारण घडवण्याची रीत एका मंत्रात असते आणि मंत्र एकाच्याच तोंडी. मांत्रिक गेला की पुढच्याने पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची.

आपल्या सोलापूरजवळच्या परांडा किल्ल्यावर एके काळी मुलुखमैदान तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला रूमी खान या तुर्की उस्तादाने ती तांबे-कथलाच्या मिश्रधातूत ओतली. वजन सुमारे ५५ टन! १६३२ साली ती विजापूरला गेली. आजही तिथल्या बुरुजावर आहे.

साचा कसा सुकवायचा, रस किती तापवायचा, ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जाई. याच सुमारास, १५४० साली, व्हेनिसमध्ये बिरिंगुच्चोचे धातुकामावरचे पुस्तक छापून निघाले. त्यात तोफा ओतण्याची कृतीही होती. ती अनोळखी माणसाने वाचावी, करून पाहावी, चूक काढावी. दख्खनेत तेव्हा छापखानाच नव्हता; गोव्यात पहिला आला १५५६ साली, तोही धर्मप्रसाराच्या कामाला जुंपला गेला.

छापखाना हे काही एकमेव कारण नव्हे. पण आपली कारागिरी अव्वल होती. तोकडी पडली ती ज्ञान वाटून घेण्याची सोय. पुढे लोक या तोफेला तेल-फुले वाहू लागले. ओतलेली तोफ मंतरलेली झाली.

सहल विजापूरला नेलीत, तर मुलांना नमस्कारापाशी थांबू देऊ नका. विचारा: ही ओतली कशी असेल?