गृहपाठाची किल्ली

मोठ्या भावाची पुस्तके धाकट्याने वापरावी, ही आपल्या परभणी जिल्ह्यातील घरोघरची जुनी रीत. नवे कव्हर घातले की तेच पुस्तक आणखी एक वर्ष चाले. आता गृहपाठ संगणकावर व मोबाईलवर येऊ लागला आहे. तेव्हा या रीतीचे पुढे काय होणार, याचा विचार पालकांनी व विद्यार्थ्यांनी करणे अगत्याचे आहे.

१९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण उर्दूतून द्यावयाचे, पण पुस्तके नाहीत, ही मोठी अडचण होती. म्हणून भाषांतर विभाग स्थापून विद्वानांकडून ग्रंथ तयार करवून घेण्यात आले. पुढे महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली. मराठी, उर्दू व इतर माध्यमांची पाठ्यपुस्तके माफक दरात मिळू लागली. आज ती इंटरनेटवर विनामूल्यही पाहावयास मिळतात.

अमेरिकेत व्यापारी प्रकाशकांनी संगणकावरील गृहपाठाला विकतचा सांकेतिक क्रमांक लावला. क्रमांक नाही तर गृहपाठ नाही! मुदत संपली की तो निरुपयोगी. धाकट्या भावाला देण्याची सोयच नाही. परंतु तेथेच रोचेस्टर विद्यापीठातील मायकेल गेज व अरनॉल्ड पायझर या गणिताच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात ‘वेबवर्क’ ही प्रणाली तयार केली व ती सर्वांना खुली ठेवली. प्रत्येक विद्यार्थ्याला निराळे आकडे मिळतात, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळते. ठिकठिकाणच्या शिक्षकांनी आपली उदाहरणे घालून तिचा सामायिक संग्रह हजारोंवर नेला.

आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे विनामूल्य व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्याचा पाया असलेली ‘सनबर्ड’ प्रणालीही खुली आहे.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे शिक्षकांनी स्वतः कष्ट घेतले, तेथेच गृहपाठाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. तेव्हा आपल्या शिक्षकांनी मराठी व उर्दूतून स्वाध्याय तयार करून ते सर्वांसाठी खुले ठेवावेत. ज्या घरात एकच मोबाईल आहे, त्या घरासाठी ते कागदावर छापूनही द्यावेत. पालकांनीही महागडे ॲप घेण्यापूर्वी शाळेत एकदा विचारावे, “हे विनामूल्य कोठे मिळते?”