फ्लॅशवाचून चलच्चित्रे

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की खान्देशातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लळिंगचा किल्ला येतो, थाळनेरचे फारुकी येतात, फार तर तापी खोऱ्यातून सुरतेहून धावू लागलेली आगगाडी येते. आम्ही आज ज्या काळाविषयी बोलणार आहोत तो आपणांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि त्याला इतिहास म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु एखादी वस्तू जन्मास यावी, पंचवीस वर्षांच्या आत साऱ्या जगात पसरावी व पुन्हा नाहीशी व्हावी, आणि दोंडाईच्यासारख्या गावातील पुष्कळांच्या ती आली केव्हा व गेली केव्हा हे ध्यानातही येऊ नये, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने सोडून देण्यासारखी खचित नाही. ती वस्तू म्हणजे फ्लॅश.

२०१० च्या आसपास ज्यांनी फोनवर इंटरनेट उघडण्याची हौस केली त्यांना एक अनुभव वारंवार येई. पान उघडे, मजकूर दिसे, पण चित्र हलावयाचे त्या जागी एक मोकळी चौकट, आणि तीत ‘आपल्याकडे फ्लॅश प्लेयर नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना. माणसाला वाटे, फोन स्वस्तातला घेतला म्हणून असे झाले. वस्तुतः त्या काळचा सर्वांत महाग फोन घेणाऱ्यालाही तीच मोकळी चौकट दिसत होती.

हे असे का होई, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. संगणकावर जे पाने दाखवण्याचे साधन असते, ज्याला ब्राउझर म्हणतात, त्याला प्रारंभी मजकूर आणि स्थिर चित्रे एवढेच दाखवता येत असे. हलते चित्र दाखवावयाचे तर बाहेरून एक जोडयंत्र आणून त्याला बसवावे लागे. हेच प्लगइन. विहिरीवरील इंजिनाला जसा पट्टा लावून आपण त्याच्याकडून पिठाची गिरणीही चालवून घेतो, तसलाच हा प्रकार. अशा जोडयंत्रांत फ्लॅश सर्वांत यशस्वी ठरले.

त्याच्या जन्मकथेत एक मौज आहे. जोनाथन गे नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने आणि त्याच्या सोबत्यांनी १९९३ च्या सुमारास एक चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम तयार केला, तो हातात पाटीसारख्या धरावयाच्या व लेखणीने चालवावयाच्या संगणकासाठी. ते पाटीसंगणक बाजारात चालले नाहीत. तेव्हा तोच प्रोग्रॅम त्यांनी टेबलावरच्या संगणकाकडे वळवला, त्याला हालचाल जोडली, आणि १९९६ मध्ये मॅक्रोमीडिया या कंपनीने तो विकत घेऊन त्याचे नाव फ्लॅश ठेवले. म्हणजे हातात धरावयाच्या यंत्रासाठी जी विद्या प्रथम योजली गेली, तिचा शेवट पुढे हातात धरावयाच्या यंत्रानेच केला.

फ्लॅशची युक्ती अशी की ते चित्राचा ठिपका न् ठिपका पाठवीत नसे. रेघ कोठून कोठे जाते आणि तिने कसे वळावे एवढेच पाठवी. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट सरपटत येण्याच्या त्या काळात हा फायदा मोठा होता. आपल्या देवनागरीला तर त्याचा निराळाच उपयोग झाला. संगणकावर मराठी अक्षरे दिसण्याची तेव्हा मारामार. एकाने वापरलेला फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रात नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. फ्लॅशमध्ये अक्षरालाच चित्राची रेघ करून टाकता येई, आणि मग ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे कोणाच्याही संगणकावर जशीच्या तशी उमटत. दिवाळीची हलती शुभेच्छापत्रे, मुलांचे खेळ, शाळांसाठी निघालेल्या सीडींतील धडे अशी पुष्कळ कामे या साधनाने झाली. मात्र अक्षरांचे चित्र झाले म्हणजे ती शोधून सापडत नाहीत, हे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही.

चलच्चित्रांचे राज्य फ्लॅशला मिळाले ते २००५ मध्ये. त्या वर्षी यूट्यूब सुरू झाले. २३ एप्रिलला त्यावर पहिले चित्र चढवले गेले, अवघे १९ सेकंदांचे, एका प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून बोलणाऱ्या तरुणाचे. ही सर्व चित्रे फ्लॅशमधून दिसत. त्याच वर्षी अडोबी या कंपनीने मॅक्रोमीडिया आपल्या पदरात घेतली, आणि फ्लॅशवाचून इंटरनेट चालेल ही कल्पनाही कोणाला सुचेनाशी झाली.

दोन वर्षांनी, २००७ च्या जूनमध्ये, ॲपलचा आयफोन आला. त्यात फ्लॅश नव्हते आणि पुढेही कधी आले नाही. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी ‘थॉट्स ऑन फ्लॅश’ नावाचे एक जाहीर पत्र लिहून आपली बाजू मांडली. फ्लॅश एकाच कंपनीच्या मुठीत आहे, त्याने संगणक बंद पडतात, त्यातील उणिवांमुळे परक्याला आत शिरता येते, बॅटरी लवकर उतरते, आणि ते उंदरासाठी, म्हणजे माउससाठी, बनवले आहे, बोटासाठी नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतःच्या दुकानाचे दार पक्के बंद ठेवणाऱ्या ॲपलने दुसऱ्याच्या मुठीविषयी बोलावे हे आम्हांस आजही थोडे हास्यास्पद वाटते. तथापि शेवटच्या मुद्द्यात तथ्य होते. माउसचा बाण एखाद्या चित्रावर नुसता नेऊन ठेवता येतो, दाबावा लागत नाही. फ्लॅशची पुष्कळ पाने त्यावरच चालत. काचेवर बोट नुसते ‘नेऊन ठेवता’ येत नाही. ते टेकले की दाबले गेले.

अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांनी ‘आमच्याकडे फ्लॅश आहे’ अशी जाहिरात करून पाहिली. ती फार दिवस टिकली नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने फोनसाठी फ्लॅश बनवण्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून ते नव्याने उतरवून घेण्याची सोयही प्ले स्टोअरवरून काढून टाकली.

हे मोठे युद्ध अमेरिकेत चालले असता आपल्या बाजारात काय चालले होते? आयफोन भारतात ऑगस्ट २००८ मध्ये आला तो ३१,००० रुपयांना. त्या पैशांत शिंदखेडा तालुक्यातला शेतकरी काय काय करू शकला असता याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. पुढे २०११ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी वाय नावाचा स्वस्त अँड्रॉइड निघाला व तो पुष्कळ खपला. परंतु त्यातला प्रोसेसर जुन्या धाटणीचा असल्यामुळे त्यावरही फ्लॅश चालत नसे. जॉब्सचे पत्र बरोबर की चूक, या वादाचा निकाल आपल्याकडे असा परस्पर लागला होता. आपल्या हातात जो फोन येई, मग तो नोकियाचा असो की चिनी सुट्या भागांचा, त्याच्याकडून हे जोडयंत्र ओढले जाण्यासारखे नव्हतेच.

म्हणून लोक चित्रे पाहावयाचे राहिले काय? मुळीच नाही. मोबाइल रिपेरिंगच्या दुकानांत एक नवीन धंदा उभा राहिला: मेमरी कार्ड भरून देण्याचा. मिरचीच्या हंगामात बाजार समितीत माल घेऊन आलेला मनुष्य, परतण्यापूर्वी दुकानदारापुढे नखाएवढे कार्ड ठेवी, आणि थोड्या पैशांत गाणी, सिनेमातले प्रसंग, अहिराणी विनोदी नकला भरून घेई. ही चित्रे थ्रीजीपी नावाच्या स्वरूपात असत. मापाने इवलीशी, बहुधा १७६ ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच, पण साध्या फोनवर चालत, इंटरनेट मागत नसत आणि प्लगइनही मागत नसत. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी काढलेल्या ‘मालेगाव के शोले’सारख्या घरगुती चित्रपटांनी या भागाला आपली माणसे पडद्यावर पाहण्याची गोडी आधीच लावली होती. ती गोडी पार्लरातून सीडीत आणि सीडीतून कार्डात उतरली. या व्यवहारात दुसऱ्याच्या मालकीचे पुष्कळ काही फुकट वाटले गेले, हे खरेच आहे. परंतु जे दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळत नव्हते असेही त्यात पुष्कळ होते. कानबाईच्या रात्री कोणी फोन उंच धरून टिपलेले गाणे, आखाजीच्या झोक्यावर बसलेल्या सासुरवाशिणींचे गाणे, एखाद्या म्हाताऱ्या वहीगायकाचा आवाज.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. तोवर यूट्यूबनेही फ्लॅश सोडले होते. जानेवारी २०१५ पासून तेथील चित्रे एचटीएमएल ५ या नव्या पद्धतीने, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्याच अंगच्या बळाने, दिसू लागली होती. म्हणून आपल्या गावातील बहुसंख्यांनी प्रथमच मनमुराद इंटरनेट पाहिले ते फ्लॅशवाचूनच. मोकळी चौकट त्यांनी जवळजवळ पाहिलीच नाही. ज्यांच्याकडे संगणक आधी आला त्यांना फ्लॅश सोडताना पुष्कळ त्रास झाला. ज्यांच्याकडे संगणक कधी आलाच नाही, त्यांना सोडण्यासारखे काही नव्हते. उशिरा येण्याचा असा लाभ आपल्या भागाला क्वचितच मिळालेला आहे. ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणे पुढे खान्देशाच्या सीमा ओलांडून महाराष्ट्रभर लग्नाच्या मांडवात वाजले ते याच मोकळ्या झालेल्या वाटेने.

येथवरची कथा जिंकण्याची आहे. तिची दुसरी बाजू पाहावयाची तर धुळ्याला गेले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले. त्यांच्या नावाने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपलेले आहेत. असल्या जुन्या मराठी कागदांचा मोठा भाग मोडी लिपीत असतो. शाई शाबूत, कागद शाबूत, आणि घरातला पदवीधर नातू तो हातात घेऊन उभा. त्याला एक ओळ लागत नाही. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली, आणि दोन पिढ्यांत घरोघरचे कागद मुके झाले. कागदाला वाळवी लागली तर ती दिसते. वाचणारा डोळा गेला तर कागद दिसतो तसाच राहतो.

फ्लॅशचे नेमके तसेच झाले. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द प्लेयरच आपल्यातील चित्रे दाखवण्यास नकार देऊ लागला. फाइली जेथल्या तेथे होत्या; किल्ली काढून घेतली होती. यूट्यूबने आपली चित्रे वेळीच नव्या स्वरूपात उतरवून घेतली, कारण त्यापाशी मनुष्यबळ होते, पैसा होता आणि त्यात त्याचा नफाही होता. ज्या शिक्षकाने सुट्टीत बसून मुलांसाठी मराठी धडा हलता केला, त्याच्यामागे असे कोणी नव्हते. त्याचा धडा एखाद्या कपाटातील सीडीत आजही असेल.

मोडीच्या बाबतीत वाचक नाहीसा झाला तरी वाचक पुन्हा तयार करता येतो; मोडीचे वर्ग आजही चालतात आणि लोक शिकतात. फ्लॅशलाही असा वाचक मिळाला. रफल नावाचा एक प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी लिहिला, जो जुन्या फ्लॅश फाइली प्लगइनवाचून चालवतो, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने त्याच्या साहाय्याने जुनी फ्लॅशची कामे आपल्याकडे ठेवून दाखवण्यास आरंभ केला. म्हणजे ज्या फोनवर २०१० मध्ये मोकळी चौकट दिसे, त्याच जातीच्या फोनवर त्यांतली पुष्कळ कामे आता दिसतात. मात्र तेथे दिसते ते कोणी तरी नेऊन ठेवलेले. मराठी शुभेच्छापत्रांतील किती कोणी नेऊन ठेवली असतील? राजवाडे दारोदार जाऊन दप्तरे मागत आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतत. सीडी मागत दारोदार जाणारा कोणी अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

मेमरी कार्डांची स्थिती याहून चमत्कारिक आहे. ती मुकी झालेली नाहीत. थ्रीजीपी हे स्वरूप बहुतेक फोन अजून ओळखतात. परंतु वापरावाचून पडून राहिलेल्या कार्डातील साठवण हळूहळू उतरत जाते, कित्येक नव्या फोनांना कार्डाची खाचच नसते, आणि जुना फोन मोडीत काढताना कार्ड आत आहे की नाही हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने आणि त्या मुलाच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतली होती म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आपणांस मिळाली. फोनमध्ये गाणे एकदा आले म्हणजे ते उतरवूनच घेतले अशी आपली समजूत होऊन बसली आहे, आणि त्या समजुतीमुळे ते पुढे दुसरीकडे उतरवण्याचे काम कोणाचेच राहिलेले नाही.

असले एखादे कार्ड ट्रंकेच्या तळाशी सापडले, तर दोंडाईच्यातील कोणत्याही मोबाइलच्या दुकानात कार्ड-रीडर लावून ते उघडून मिळेल, बिघडले नसेल तर. आजीचा आवाज बऱ्यापैकी स्पष्ट येईल. चित्र मात्र आजच्या मोठ्या काचेवर आहे त्या मापाने दाखवले तर टपालाच्या तिकिटाएवढे दिसते, आणि ताणून मोठे केले तर आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांत विरघळून जातो.