चिमूरचा डाकबंगला

रानांतील मुक्काम हा आज हौसेचा विषय झाला आहे. ताडोबाच्या अरण्यांत वाघ पाहावयास गेलेलें कुटुंब कोलारा किंवा मोहर्ली येथें एखाद्या विश्रामगृहांत रात्र काढतें, आणि रुंद ओसरी, कौलारू छप्पर व भोंवतालच्या सागवानाची निःशब्दता यांवर संतुष्ट होऊन परततें. परंतु असल्या वास्तु केवळ निवाऱ्यासाठीं उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचें दुसरें स्वरूप ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें ताडोबाशेजारच्या चिमूर गांवाचा इतिहास चाळावा.

इंग्रजी अंमलापूर्वीं या मुलुखांत वाटसरूस आसरा नव्हता असें नाहीं. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा आणि गांवची चावडी हीं त्याचीं हक्काचीं ठिकाणें होतीं. चिमूरास बालाजीचें जुनें देवस्थान असून माघांत तेथें घोडायात्रा भरते. पूर्वेकडील गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांतून गोटुल असतें. गांवकऱ्यांनीं स्वतःच्या हातानें बांधलेल्या त्या घरांत तरुणतरुणी जमतात, गांवसभा भरते, आणि परगांवचा पाहुणाही तेथेंच उतरतो. या सर्व निवाऱ्यांचा धनी गांव, आणि उतरणारा तो गांवचा अतिथि, असा हा संबंध होता.

१८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें आणि चांदा प्रांत इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला. १८६४ मध्यें हिंदुस्थानचें जंगलखातें स्थापन होऊन ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं विस्तीर्ण रानें सरकारजमा झालीं. आतां एवढ्या रानावर देखरेख ठेवावयाची तर अधिकाऱ्यानें वर्षांतील बराच काळ दौऱ्यावर असलें पाहिजे, आणि दौरा करावयाचा तर मजलदरमजल मुक्कामाची सोय पाहिजे. त्या गरजेंतून हे बंगले बांधले गेले. त्यांचा नमुना बहुधा एकच: उंच जोतें, पुढें ओसरी, दोन खोल्या, प्रत्येकीस न्हाणीघर, मागें स्वतंत्र स्वयंपाकघर व चौकीदाराची खोली, भिंतीवर नियमांची पाटी आणि टेबलावर उतारूंची नोंदवही. डाकबंगल्यांत भाडें देऊन कोणाही प्रवाशास उतरतां येई. जंगलखात्याच्या बंगल्यांत मात्र अधिकाऱ्याचा मान पहिला, आणि जागा रिकामी असल्यास परवानगीनें इतरांचा.

बंगल्यांतील साहेबास जो मुक्काम सुखाचा वाटे, तो खेड्यास जड जाई. लाकूडफाटा, दूध, कोंबडी, बैलगाड्या, शिकारीसाठीं हांके घालणारीं माणसें, या साऱ्यांचा पुरवठा गांवानें करावा अशी वहिवाट पडली. मोबदला कधीं मिळे, कधीं वाटेंतच जिरे. शिवाय ज्या रानांतून पूर्वजांनीं सरपण व मोहफुलें आणलीं, तेथेंच पाऊल टाकणें हा गुन्हा ठरूं लागला. या असंतोषाला १९३० मध्यें वाट फुटली; १० जुलै रोजीं पुसदजवळ लोकनायक अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून जंगलसत्याग्रह केला.

बारा वर्षांनीं चिमूरची पाळी आली. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं या भागांतील मनें अगोदरच चेतलीं होतीं. १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चिमुरांत मिरवणूक निघाली. पोलिसांचा गोळीबार झाला. कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. मग खवळलेला जमाव डाकबंगल्यावर चालून गेला. तेथें उतरलेले प्रांताधिकारी डुंगाजी व नायब तहसीलदार सोनवणे मारले गेले आणि बंगल्यास आग लावण्यांत आली. पुढें गोऱ्या सैन्यानें गांवावर जो सूड उगविला, त्यांत स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळी यांनीं ६३ दिवस उपोषण केलें; तें १२ जानेवारी १९४३ रोजीं सुटलें.

ह्या प्रसंगाचा विचार करतांना दोन्ही बाजूंचें दुःख ध्यानीं घेतलें पाहिजे. मारले गेलेले अधिकारी एतद्देशीयच होते, आणि मारणाऱ्यांचें त्यांच्याशीं घरगुती वैर नव्हतें. परंतु परसत्ता खेड्यांत ज्या मोजक्या ठिकाणीं डोळ्यांना दिसे, त्यांपैकीं डाकबंगला हें एक होतें. हुकूम तेथून सुटत आणि रसद तेथें पोंचवावी लागे. म्हणूनच क्षोभाची पावलें तिकडे वळलीं. आपल्याच मुलुखांतील निवारा लोकांस शत्रूचें ठाणें वाटावा, हा त्या राज्यपद्धतीवरचा कठोर अभिप्राय होय.

स्वराज्यांत ताडोबा १९५५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें व १९९५ मध्यें व्याघ्रप्रकल्प. वाघांसाठीं बोटेझरी, जामणी यांसारखीं गांवें आंतून उठून बाहेर वसलीं. प्रवाशांची वर्दळ मात्र वाढली. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारें गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गांवानें २००९ मध्यें आपल्या रानावरील सामूहिक हक्क मिळविला. गोटुलाची परंपरा जेथें जिवंत आहे, तेथें हें व्हावें यांत नवल नाहीं. रानांत मुक्काम करणाऱ्यानें वाघाइतकीच या माणसांचीही चौकशी करावी. छप्पर कोणाच्या श्रमानें उभें आहे, पाणी कोण भरतें, भाड्यांतील किती अंश गांवांत राहतो, हे प्रश्न ओसरीवर बसूनही विचारतां येतात. आणि त्यांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तरच आपण तेथें अतिथि म्हणून उतरलों असें म्हणतां येईल.